व्हिडिओ अचानक व्हायरल झाला तर पहिल्या महिन्यात काय सांभाळावे

माझ्याकडे एडिटिंगसाठी येणाऱ्या, नागपूरच्या महाल भागातल्या एका मुलाने काही वर्षांपूर्वी मारबतीच्या (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला निघणाऱ्या पुतळ्यांच्या) मिरवणुकीत दीड मिनिटाचा एक व्हिडिओ काढला आणि तान्ह्या पोळ्याच्या त्या एका रात्रीत तो इतका पसरला, की सकाळी त्याला आपल्याच फोनमध्ये घरच्यांचे मेसेज सापडेनात. पहिल्या आठवड्यात त्याने सहा जणांना होकार दिला. त्यांत एक एजन्सी होती, दोन दुकाने होती, एक कपड्यांचा ब्रँड आणि एक गणेश मंडळ होते आणि चॅनेल सांभाळून देतो म्हणणारा ओळखीतला एक माणूसही होता. व्हिडिओची चर्चा तीन आठवड्यांत ओसरली. त्या सहा होकारांपैकी चार निस्तरायला मात्र त्याला पुढचे दीड वर्ष लागले.

गोकुळपेठेतल्या माझ्या छोट्या एडिटिंग स्टुडिओतून अशी प्रसिद्धी मी जवळून पाहत आले आहे आणि माझे मत आता पक्के झाले आहे, की तिचे मोठे तोटे ट्रोलिंगमध्ये नसतात. ट्रोलिंग डोळ्यांना दिसते आणि त्याबद्दल सगळेच सावध करतात. जे तोटे दिसत नाहीत ते घाईघाईने दिलेल्या होकारातून घरात येतात आणि त्या वेळी ते आनंदाच्या बातमीसारखेच वाटतात. म्हणून पुढे जे लिहिले आहे ते मुख्यतः दोन गोष्टींबद्दल आहे: होकार पुढे कसा ढकलावा आणि तो देण्यापूर्वी नेमके काय तपासावे.

ज्याच्या वाट्याला ही प्रसिद्धी येते त्याला तिचा आवाका सगळ्यांत शेवटी कळतो, हे आपल्या शहराने पाहिले आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये नागपूरच्या ‘सदर’ नावाच्या भागात चहा विकणाऱ्या डॉली चायवाला यांचा बिल गेट्स यांच्यासोबतचा व्हिडिओ जगभर पाहिला गेला, तेव्हा आपण चहा दिला ती व्यक्ती कोण आहे हे आपल्याला ठाऊक नव्हते, असे त्यांनी स्वतःच नंतर सांगितले. कॅमेऱ्यासमोरचा माणूस आपल्या कामात असतो आणि बाहेरचे जग त्याच्याबद्दलचे निर्णय आधीच घेऊन मोकळे झालेले असते. ही दरी भरून यायला थोडा वेळ लागतो, आणि तो वेळ आपण स्वतःहून मागून घ्यावा लागतो.

पहिले तीन दिवस

व्हिडिओ पसरतो आहे असे लक्षात येताच सर्वप्रथम प्रोफाइलवरचा आपला वैयक्तिक मोबाइल नंबर काढून टाकावा. इन्स्टाग्रामचे प्रोफेशनल खाते उघडताना बरेच जण नंबर आणि पत्ता भरून ठेवतात आणि नंतर विसरतात. तो नंबर पाहणाऱ्या प्रत्येकाला एका बटणावर मिळत असतो. त्याऐवजी कामासाठी एक नवा ईमेल तयार करून तेवढाच द्यावा. त्याच रात्री आपल्या चॅनेलचे नाव इतर सर्व समाजमाध्यमांच्या मंचांवर घेऊन ठेवावे, कारण त्या नावाची नकली खाती फार लवकर उघडली जातात आणि तुमच्या नावाने तुमच्याच चाहत्यांकडे पैसे मागितले जातात. सगळ्या खात्यांना द्विस्तरीय पडताळणी (पासवर्डखेरीज आणखी एक खात्री) लावावी आणि रिकव्हरी कोड, म्हणजे अडचणीत खाते परत उघडून देणारे आकडे, कागदावर लिहून कपाटात ठेवावेत.

आलेल्या प्रस्तावांना उत्तर देण्यासाठी एकच मजकूर लिहून ठेवावा आणि तोच सगळ्यांना पाठवावा. मी देते तो मजकूर असा असतो: "नमस्कार. आपला मेसेज मिळाला, आभारी आहे. येत्या १५ तारखेपर्यंत मी नवे काम स्वीकारत नाही. त्यानंतर सर्व प्रस्ताव एकत्र वाचून उत्तर देईन. कामाचे स्वरूप, मोबदला आणि व्हिडिओ कुठे व किती दिवस वापरला जाईल, हे कृपया ईमेलवर लिहून पाठवावे." माझ्या अनुभवात निम्म्याहून अधिक लोक लेखी मागितल्यावर पुन्हा बोलत नाहीत. जे लिहून पाठवतात त्यांच्याशीच पुढे बोलायचे असते.

अनोळखी माणसाला असे लिहिणे सोपे जाते. अडचण ओळखीच्यांची असते. सक्करदऱ्यात कोणाचे तरी दुकान उघडायचे असते, कोणाच्या वस्तीतल्या गणपतीची आरती असते, आणि "भाऊ, फक्त पाच मिनिटं येऊन जा" असे म्हणणारा माणूस तुमच्या काकांचा मित्र असतो. पाच मिनिटांच्या अशा कार्यक्रमात संध्याकाळ जाते, मोबदला मिळत नाही आणि एकाकडे गेलात म्हणून दुसरा रुसतो. यावर मला सापडलेला चांगला उपाय म्हणजे नकार देण्याचे काम स्वतःकडे ठेवू नये. घरातल्या एका खंबीर माणसाला तारखा सांभाळायला सांगावे आणि सगळ्यांना एवढेच म्हणावे, "दादा, माझ्या तारखा ताई बघते, तिला एक फोन करा." नात्याला धक्का लागत नाही आणि ताईला नाही म्हणता येते.

या तीन दिवसांत पुढचा व्हिडिओ टाकण्याची घाई करू नये. गाजलेल्या व्हिडिओची घाईत केलेली नक्कल जवळजवळ नेहमीच त्याहून कमजोर असते आणि नव्याने आलेले प्रेक्षक तीच आधी पाहतात.

पैसे केव्हा येतात

घरच्यांना, शेजाऱ्यांना आणि उसने मागायला येणाऱ्या मित्राला असे वाटते, की २० लाख व्ह्यूज म्हणजे लाखभर रुपये तरी आलेच. प्रत्यक्षातले वेळापत्रक वेगळे आहे आणि ते आधी घरात समजावून सांगणे फार गरजेचे आहे.

यूट्यूबवर जाहिरातींच्या उत्पन्नात वाटा मिळण्यासाठी १,००० सबस्क्राइबर आणि मागच्या १२ महिन्यांत ४,००० तासांचा वॉच टाइम (लोकांनी व्हिडिओ पाहिल्याचा एकूण वेळ), किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे, म्हणजे छोट्या उभ्या व्हिडिओंचे, १ कोटी वैध व्ह्यूज लागतात. या अटी पूर्ण करून चॅनेल मंजूर होण्याआधी जे व्ह्यूज मिळाले त्यांचे पैसे मागाहून मिळत नाहीत. याचा अर्थ असा, की ज्या व्हिडिओने तुम्हाला पात्र केले, त्याच व्हिडिओचा बहार बहुतेक वेळा बिनपैशांचा जातो. मंजुरीनंतर मोठ्या व्हिडिओंवरील जाहिरातींच्या उत्पन्नातले ५५ टक्के आणि शॉर्ट्सच्या बाबतीत क्रिएटरच्या वाट्याला आलेल्या रकमेतले ४५ टक्के मिळतात. ॲडसेन्स, म्हणजे गूगल ज्यातून हे पैसे देते त्या खात्यात १० डॉलर जमले की पत्त्याच्या पडताळणीसाठी पिन टपालाने घरी येतो, खात्यात १०० डॉलर जमल्याशिवाय बँकेत काही येत नाही, आणि एका महिन्याची कमाई पुढच्या महिन्याच्या २१ ते २६ तारखेच्या सुमारास पाठवली जाते. अमेरिकेतल्या प्रेक्षकांमुळे झालेल्या कमाईवर तिथला कर कापला जातो; ॲडसेन्समध्ये कराचा अर्ज भरलेला असेल तर भारताशी असलेल्या करारामुळे तो १५ टक्के राहतो, अर्ज भरलाच नाही तर जगभरच्या एकूण कमाईतून २४ टक्क्यांपर्यंत कपात होऊ शकते. हा अर्ज भरायला अर्धा तास लागतो आणि तो न भरल्याने नुकसान झालेले क्रिएटर मी पाहिले आहेत. इन्स्टाग्रामवर तर नुसत्या व्ह्यूजचे पैसे सरसकट मिळतच नाहीत. तिथली कमाई मुख्यतः ब्रँडच्या कामातून येते.

हे सारे मिळून पहिली रक्कम हातात पडायला काही महिने सहज जातात. तोपर्यंत सीताबर्डीत जाऊन हप्त्यांवर कॅमेरा घेऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. ज्या फोनवर काढलेला व्हिडिओ लोकांना आवडला, तो फोन तुमच्या कामाला पुरतो हे सिद्ध झालेले आहे. फार तर एक बरा माइक घ्यावा. मोठ्या कामासाठी कॅमेरा एका दिवसाच्या भाड्याने मिळतो.

फुकट आलेल्या वस्तूंचा हिशेब

नव्या क्रिएटरला रोख पैसे देण्याऐवजी वस्तू देण्याची पद्धत आहे आणि तिला सगळे बार्टर म्हणतात. घरी खोके येते, आई खूश होते, आणि ही कमाई आहे हे कोणाच्या लक्षात येत नाही. १ जुलै २०२२ पासून लागू झालेल्या तरतुदीनुसार व्यवसायातून मिळालेल्या अशा लाभांचे मूल्य वर्षभरात २०,००० रुपयांच्या वर गेले, तर देणाऱ्याने त्यावर १० टक्के कर भरला जाईल याची खात्री करायची असते. समजा ६०,००० रुपयांचा फोन तुम्ही ठेवून घेतला, तर ६,००० रुपये करापोटी जमा व्हायला हवेत. ते कंपनी भरणार की तुमच्याकडून मागणार, हे आधीच विचारून घ्यावे. शिवाय ती रक्कम तुमच्या पॅनवर नोंदली जाते आणि फोनची किंमत तुमच्या वर्षाच्या उत्पन्नात धरावी लागते. मार्चनंतर माझ्याकडे येऊन "मला तर एक रुपयाही मिळाला नाही, मग ही नोंद कशाची?" असे विचारणारी मुले बहुतेक या प्रकारची असतात.

वस्तू व्हिडिओ झाल्यावर परत केली तर ती लाभ धरली जात नाही. म्हणून परतीच्या कुरिअरची पावती जपून ठेवावी. एक साधी वही करून त्यात वस्तू आल्याची तारीख, देणाऱ्याचे नाव, बाजारभाव आणि ठेवली की परत केली एवढेच लिहावे. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांवर गेली तर जीएसटीची नोंदणी लागते आणि त्या हिशेबातही बार्टर मोजले जाते, हे लक्षात असू द्यावे.

कागदावर सही करण्याआधी

करार इंग्रजीत असतो, लांब असतो आणि आज संध्याकाळपर्यंत सही हवी असते. ही घाई हेच पहिले धोक्याचे लक्षण समजावे. जो ब्रँड तुमच्यासोबत खरोखर काम करू इच्छितो तो चार दिवस थांबतो.

वाचताना सर्वांत आधी हक्कांचे कलम शोधावे. कॉपीराइट अधिनियम, १९५७ प्रमाणे तुम्ही स्वतः केलेल्या व्हिडिओचे पहिले मालक सर्वसाधारणपणे तुम्हीच असता. ही मालकी दुसऱ्याला द्यायची तर ती लेखी आणि सहीनिशी द्यावी लागते. त्या लेखात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षांची समजली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता समजला जातो. कायद्याने दिलेले हे संरक्षण करारातल्या "कायमस्वरूपी" आणि "संपूर्ण जगात" अशा अर्थाच्या दोन शब्दांनी नाहीसे होते. एका रीलचे ८,००० रुपये घेऊन आपला चेहरा आणि आवाज कायमचा देऊन टाकलेल्या मुलीला दोन वर्षांनी आपलीच जाहिरात दिसली, तेही तिने सोडून दिलेल्या कंपनीची, आणि तिला काही करता आले नाही. वापराची मुदत तीन किंवा सहा महिने लिहून घ्यावी आणि कुठे वापरणार त्या मंचांची नावे लिहून घ्यावीत.

दुसरे कलम अधिकारक्षेत्राचे. वाद झाल्यास तो दिल्ली, गुरुग्राम किंवा मुंबई येथील न्यायालयात चालेल, अशी एक ओळ शेवटच्या पानावर असते आणि ती कोणी वाचत नाही. पण ४०,००० रुपये अडकले असतील तर नागपूरहून दिल्लीला तारखांना जाणे परवडत नाही, हे समोरच्याला पक्के ठाऊक असते. आपल्या शहरात जिल्हा न्यायालय आहे, उच्च न्यायालयाचे खंडपीठ आहे. तिथे "नागपूर" असे लिहून मागायला काहीही हरकत नाही. लहान ब्रँड बहुतेक वेळा ऐकतात. मोठे ऐकत नाहीत, तेव्हा निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी.

एजन्सीशी करार असेल तर त्यातून बाहेर पडण्याची अट आधी वाचावी. ३० दिवसांची नोटीस देऊन मोकळे होता यायला हवे. तुम्ही स्वतः शोधून आणलेल्या कामातही एजन्सीचा वाटा धरला आहे का, हेही पाहावे. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे चॅनेलचा पासवर्ड कोणालाही देऊ नये. यूट्यूब स्टुडिओमध्ये दुसऱ्या व्यक्तीला फक्त संपादकाची परवानगी देता येते आणि ती हवी तेव्हा काढून घेता येते. मारबतीचा व्हिडिओ काढणाऱ्या त्या मुलाने आपल्या ओळखीच्या माणसाला खात्याचे मूळ मालक करून ठेवले होते, आणि आपलेच चॅनेल परत मिळवण्यासाठी त्याला पैसे मोजावे लागले. हा प्रसंग मला आजही सलतो, कारण त्याने विचारले असते तर पाच मिनिटांत टळला असता.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्तींना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत सल्ला मिळतो, आणि १५१०० हा मदतीचा क्रमांक आहे.

जाहिरात आहे असे स्पष्ट सांगणे

पैसे किंवा वस्तू घेऊन केलेला व्हिडिओ जाहिरात आहे हे प्रेक्षकांना सांगणे बंधनकारक आहे. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये दिलेल्या सूचनांनुसार ही माहिती ठळक असावी, हॅशटॅगच्या गर्दीत लपवू नये, व्हिडिओत ती दिसावी आणि ऐकूही यावी, आणि ज्या भाषेत व्हिडिओ आहे त्याच भाषेत असावी. म्हणजे वऱ्हाडीत बोलून शेवटी इंग्रजी आद्याक्षरे टाकणे पुरेसे नाही. "ही जाहिरात आहे" असे सरळ म्हणावे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसेच घडल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, शिवाय जाहिराती करण्यावर एक ते तीन वर्षांची बंदी येऊ शकते. ही जबाबदारी कंपनीसोबत तुमचीही असते.

पैसे लावून खेळायच्या ॲपचा प्रस्ताव नव्या क्रिएटरकडे हमखास येतो आणि त्यात देऊ केलेली रक्कम इतरांपेक्षा बरीच मोठी असते. ऑगस्ट २०२५ मध्ये झालेल्या केंद्राच्या कायद्याने अशा खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी आणली आहे. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. अशा मेसेजला उत्तरही देऊ नये.

सरकारी नोकरीत असणाऱ्यांनी एक वेगळी काळजी घ्यावी. महाराष्ट्र शासनाने जुलै २०२५ मध्ये कर्मचाऱ्यांच्या समाजमाध्यम वापराचे नियम जाहीर केले आहेत. शाळेत किंवा कार्यालयात काढलेला गमतीचा व्हिडिओही वरिष्ठांच्या टेबलावर जाऊ शकतो, म्हणून पहिले पैसे घेण्यापूर्वी लेखी परवानगीची चौकशी करावी.

घर ओळखू येऊ नये

नागपूर मोठे झाले असले तरी अजून असे शहर आहे, की दोन प्रश्नांत कोणाचे घर कुठे आहे ते कळते. व्हिडिओच्या मागे दिसणारी पाण्याची टाकी, मेट्रोचा खांब, गल्लीच्या तोंडाचे किराणा दुकान आणि एमएच ३१ किंवा एमएच ४९ ने सुरू होणारी गाडीची पूर्ण पाटी, एवढे पुरेसे असते. जुने व्हिडिओ एकदा शांतपणे पाहून अशी दृश्ये धूसर करावीत किंवा ते व्हिडिओ खासगी करावेत. फुटाळा किंवा अंबाझरी तलावावर बसलेले असताना तिथूनच व्हिडिओ टाकू नये. घरी पोहोचल्यावर टाकावा. मुलांचा गणवेश, शाळेची बस आणि सुटण्याची वेळ यांपैकी काहीही दिसू नये. ब्रँडची खोकी घरी मागवण्याऐवजी एखाद्या नातेवाइकाच्या दुकानाच्या पत्त्यावर मागवावीत. चॅनेलच्या नावाचा ट्रेडमार्क घ्यायचा झाल्यास व्यक्तीसाठी ऑनलाइन अर्जाची फी वस्तू-सेवांच्या एका वर्गासाठी ४,५०० रुपये आहे, परंतु त्या अर्जातला पत्ता सार्वजनिक होतो. तिथे घराऐवजी कामाचा पत्ता द्यावा.

कोणी सतत पाठलाग करत असेल, घराजवळ येत असेल किंवा खोटी छायाचित्रे पसरवत असेल, तर उत्तर न देता स्क्रीनशॉट, लिंक, तारीख आणि वेळ जपून ठेवावी आणि शहर पोलिसांच्या सायबर पोलीस ठाण्यात तक्रार द्यावी. पैशांची फसवणूक झाली असेल तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करावा, कारण पहिल्या काही तासांतच रक्कम थांबवता येण्याची शक्यता असते.

खाते चोरीला जाण्याचा मार्गही बहुतेक वेळा होकारातूनच जातो. ब्रँडच्या नावाने ईमेल येतो, कराराची म्हणून एक फाइल सोबत असते, आणि ती उघडताच तुम्ही आधीच लॉगिन केले आहे ही ब्राउझरमध्ये साठलेली खूण (कुकी) चोरली जाते. यूट्यूब क्रिएटरवरच्या अशा हल्ल्यांबद्दल गूगलच्या सुरक्षा पथकाने २०२१ मध्ये सविस्तर लिहिले होते. यात पासवर्ड लागत नाही, त्यामुळे द्विस्तरीय पडताळणीही अपुरी पडते. अनोळखी फाइल चॅनेल ज्या संगणकावर उघडे आहे तिथे कधीही उघडू नये.

आपली बोली आणि लोकांची मागणी

ज्या तोट्याबद्दल कोणी बोलत नाही आणि जो मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो, तो आता सांगते. आपल्याकडचे बरेचसे व्हिडिओ बोलीमुळे गाजतात. नंदनवनमधल्या एका ताईंचा असाच एक व्हिडिओ गाजला: मे महिन्यात, पारा ४५ अंशांवर असताना, उन्हात खेळायला निघालेल्या मुलाला त्या अस्सल नागपुरीत रागावत होत्या. लोकांना तो मनापासून आवडला, कारण त्यात प्रत्येकाला आपली आई दिसली. मग कमेंटमध्ये मागणी सुरू झाली की पुन्हा रागवा. ताईंनी दुसरा व्हिडिओ केला, तिसरा केला. रागवण्याची कारणे ठरवून लिहिली जाऊ लागली, आवाज चढत गेला, बोली दाट होत गेली. एका ब्रँडच्या माणसाने फोनवर सांगितले, "थोडं अजून गावठी बोला ना." एके दिवशी ताईंच्या आईने ते सगळे व्हिडिओ सलग पाहिले आणि विचारले, "आपण घरात इतकं वरडतो काय वं?" त्या दिवसानंतर दोन महिने ताईंनी फोन हातात घेतला नाही.

लोक आपल्यासोबत हसत आहेत की आपल्यावर हसत आहेत, हे आकड्यांवरून कळत नाही. दोन्ही हसण्यांचे व्ह्यूज सारखेच मोजले जातात. म्हणून त्यासाठी आपली स्वतःची परीक्षा ठेवावी लागते. ज्यांच्यासारखे तुम्ही बोलता, त्या आईला, आजीला किंवा शेजारच्या काकूंना व्हिडिओ टाकण्याआधी दाखवावा आणि त्या कुठे हसतात व कुठे गप्प होतात ते पाहावे. बोलीतला शब्द तोच ठेवावा, त्यावरचा मुद्दाम दिलेला हेल काढावा. दर तीन व्हिडिओंमागे एक तरी असा करावा, की ज्यात त्याच बोलीत काही कामाचे किंवा जिव्हाळ्याचे सांगितले आहे, मग ते सावजीचा मसाला भाजण्याबद्दल असो वा बँकेचा अर्ज भरण्याबद्दल. आपली बोली फक्त रागवण्यासाठी आणि हसवण्यासाठी आहे, असे बाहेरच्या प्रेक्षकांना आपणच शिकवत असू, तर त्याची किंमत पुण्या-मुंबईत नोकरीला जाणारी आपली मुले मोजतात. आणि ब्रँडच्या करारात एक ओळ आपल्याकडून घालावी: संवादाची भाषा आणि बोलण्याची पद्धत क्रिएटर ठरवेल. ताईंनी आता ती ओळ घातली आहे आणि आजवर एकाही ब्रँडने ती काढायला सांगितलेली नाही.

आकडे उतरू लागतात तेव्हा

व्हायरल व्हिडिओनंतरचा व्हिडिओ पडतोच. नव्याने आलेले हजारो लोक त्या एका व्हिडिओसाठी आलेले असतात. पुढचा व्हिडिओ त्यांच्यासमोर आला की ते पुढे सरकतात, आणि तो लोकांना आवडत नाही असे समजून मंच तो इतरांनाही कमी दाखवू लागतो. त्यामुळे काही काळ आकडे पूर्वीपेक्षाही खाली जातात. पुष्कळ चांगली मुले या टप्प्यावर स्वतःला अपयशी ठरवून काम सोडतात.

यासाठी एक साधा हिशेब करावा. व्हायरल होण्याआधीच्या १० व्हिडिओंचे व्ह्यूज चढत्या क्रमाने लिहून त्यांतला मधला आकडा काढावा आणि पुढचे सहा महिने फक्त त्याच्याशी तुलना करावी. महालातल्या त्या मुलाचा मधला आकडा आधी १,८०० होता आणि वर्षभराने तो ५,००० च्या पुढे गेला होता. तोपर्यंत तो मला दर आठवड्याला आपले सगळे संपले असे सांगत असे, कारण तो स्वतःला पोळ्याच्या त्या एका रात्रीशी मोजत होता. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल किंवा रात्री वारंवार उठून आकडे पाहिले जात असतील, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. ही सेवा मोफत आहे आणि चोवीस तास चालते.

मूळ फाइली स्वतःच्या हार्ड डिस्कवर ठेवाव्यात. २९ जून २०२० रोजी टिकटॉकसह ५९ ॲपवर बंदी आली तेव्हा ज्यांचे सगळे काम त्या एकाच ठिकाणी होते, त्यांचे प्रेक्षक एका दिवसात गेले आणि अनेकांच्या हाती आपलेच व्हिडिओही उरले नाहीत.

१५ तारीख उजाडल्यावर

ठरवलेल्या दिवशी सकाळी, तारखा सांभाळणाऱ्या घरच्या ताईला सोबत घेऊन, आलेले सर्व ईमेल कागदावर उतरवावेत. ज्यांनी मोबदला, वापराची मुदत आणि मंच या तीनही गोष्टी लिहिल्या आहेत त्यांच्यावर खूण करावी. ज्या वस्तू तुम्ही स्वतः वापरत नाही किंवा आईला वापरायला देणार नाही, त्या खोडाव्यात. गेल्या पंधरा दिवसांत ज्यांनी दोनदा घाई केली त्यांनाही खोडावे. यानंतर यादीत सहसा तीन-चार नावे उरतात. त्यांना त्याच दिवशी दुपारी फोन करावा, थांबल्याबद्दल आभार मानावेत आणि कराराचा मसुदा मागवावा.